आगबोटीच्या दिवशी लिहिलेली पत्रं

गोपाळराव जोशी पोस्टात कारकून होते. वैद्यकी शिकायला अमेरिकेत गेलेल्या त्यांच्या बायकोची, आनंदीबाईंची, गोष्ट सांगताना हे जाता जाता सांगितलं जातं. त्यांचा तिरसट स्वभाव, बायकोला शिकवायचा ध्यास, सततच्या बदल्या यांवर मात्र भरभरून लिहिलं गेलं आहे. पण अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालातलं सेरामपूर अशा त्या बदल्या पोस्टातल्याच होत्या, आणि ती सगळी कहाणी पुढे सरकली तीही टपालाच्या थैलीतून. १८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते त्याने आपल्या मासिकात छापलं. त्या मासिकाचा अंक १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती पडला, तोही दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या असताना. त्यांनी पत्र टाकलं. पंधरा वर्षांच्या आनंदीने उत्तर दिलं. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या या दोघी पुढची तीन वर्षं नुसत्या कागदावर मावशी-भाची होऊन बसल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा उतरवून घ्यायला माणूस होतं ते या पत्रांमुळे.

मग पत्रांची दिशा बदलली. आता फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजातून बायको लिहीत होती आणि इकडे पोस्टातला नवरा वाचत होता. गोपाळरावांची पत्रं कधी प्रेमाची, कधी संशयाची, कधी चक्क जिव्हारी लागणारी असत, आणि आनंदीबाईही लहानपणी खाल्लेल्या माराचा हिशेब कागदावर मांडायला कचरल्या नाहीत. हे भांडण चाललं कसं, तेही पाहायला हवं. पत्र फिलाडेल्फियाहून अटलांटिक ओलांडून इंग्लंडला, तिथून रेल्वेने युरोप पार करून इटलीतल्या ब्रिंडिसी बंदरात, मग आगबोटीने सुएझ, एडन, मुंबई, आणि पुन्हा रेल्वेने कलकत्ता. जायला सव्वा-दीड महिना, उत्तर यायला तेवढाच. नवऱ्याने रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य बायकोच्या हाती पडेपर्यंत त्याचा राग निवून वर पश्चात्तापाचं पत्र वाटेला लागलेलं असे. आणि ते पोचायच्या आत तिचं तिखट उत्तर इकडे निघालेलं. दोघंही कायम दीड महिन्यापूर्वीच्या माणसाशी बोलत होती.

परदेशातून घरी लिहिलेल्या पत्रांविषयी आपल्याकडे गहिवरून बोलायची पद्धत आहे. दिवाळी अंकांत तर ‘हल्ली पत्रं कोण लिहितं’ हा उसासा दर दोन-तीन वर्षांनी येतोच. मला त्या उसाशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस आहे. या पत्रांत काय लिहायचं, किती लिहायचं, कुठे थांबायचं हे लिहिणाराने जेवढं ठरवलं, तेवढंच, किंबहुना काकणभर जास्तच, टपालाने ठरवलं.

पहिली अट वजनाची. अमेरिकेतून बाहेरदेशी पत्र धाडायचा त्या काळचा सर्वसाधारण दर अर्ध्या औंसाला पाच सेंट. अर्धा औंस म्हणजे चौदा ग्रॅम. भारतातून विलायतेला १८८० च्या दशकात साडेचार आणे पडत, १८९१ पासून अडीच आणे. ते वर्ष सुरू झालं तेव्हा साडेचार आण्यांच्या तिकिटांवरच अडीच आण्यांचा शिक्का मारून ती विकली गेली. टपाल तिकिटांच्या वह्या बाळगणाऱ्यांना ती हिरवट तिकिटं चांगली ठाऊक आहेत. १८९८ च्या नाताळापासून साम्राज्यात एक पेनीचा दर आला आणि विलायतेचं पत्र एका आण्यात जाऊ लागलं. तोवर मात्र पातळ कागद, दोन्ही बाजूंनी लिहिणं, समास न सोडणं आणि लखोट्यात दुसऱ्या कुणाची चिठ्ठी सरकवण्याआधी हातावर तोलून पाहणं, हे सगळं त्या चौदा ग्रॅमांपायी. कंजूसपणाचा आरोप उगाच नको. दरमहा घरून येणाऱ्या पैशांवर विलायतेत राहणाऱ्या विद्यार्थ्याला आठवड्याच्या पत्राचा खर्चही जाणवे.

दुसरी अट वाराची. १८६८ पासून मुंबई हे साऱ्या हिंदुस्थानच्या विलायती टपालाचं बंदर झालं आणि पी अँड ओ कंपनीची बोट आठवड्यातून एकदा ये-जा करू लागली. त्यामुळे साहेबाच्या कचेरीपासून गिरगावातल्या खोलीपर्यंत ‘मेलचा दिवस’ पंचांगातल्या तिथीसारखा पाळला जाई. बोट चुकली की आठवडा गेला. म्हणून पत्रं लिहिली जात ती मनात आलं तेव्हा नव्हे, तर मेल निघायच्या आदल्या रात्री, घाईघाईत, आठवड्याच्या सगळ्या बातम्या एकत्र करून. त्या काळच्या कितीतरी पत्रांचा शेवट एकाच वळणाचा का असतो, हे यातून कळतं: टपालाची वेळ झाली, आता आटोपतं घेतो.

या बोटींवरच्या एका सोयीची आज फारशी कुणाला आठवण नाही. एडन ते मुंबई या टप्प्यात बोटीवरच टपाल वेगळं केलं जाई. ‘सी पोस्ट ऑफिस’ म्हणत त्याला. १८६८ साली सुरू झालं, १९१४ ला महायुद्ध पेटलं तेव्हा बंद पडलं आणि पुन्हा उघडलंच नाही. आतल्या कारकुनांनी पत्रं गावागावांच्या थैल्यांत भरायची, म्हणजे मुंबईला बोट लागली की थैल्या थेट रेल्वेत चढवता येत. अरबी समुद्रातला पावसाळा, खाली बॉयलरची धग, वर डुलणारी फळी आणि समोर हजारो लखोटे. साताऱ्याच्या वाड्यात पत्र ‘एक दिवस लवकर’ मिळे ते यांच्या उलट्यांच्या जोरावर. त्यांच्या शिक्क्याची पाकिटं आता संग्राहक हौसेने विकत घेतात. त्या कारकुनांची नावं मात्र शिक्क्यावर नाहीत.

आणखी एक अट होती, ती दिसत नसे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्नला बावीस देशांनी एक करार केला. पुढे जागतिक टपाल संघटना म्हणून ओळखली गेली ती तीच. भारत १ जुलै १८७६ पासून तिच्यात आला. त्याआधी परदेशी पत्राचा दर काढणं हे एक गणितच होतं: कोणत्या मार्गाने, कोणाच्या बोटीने, मधल्या कोणकोणत्या देशांतून. कराराने सांगितलं की टपालापुरता सगळा प्रदेश एकच समजायचा. तिकिटाचे पैसे जिथे तिकीट विकलं त्या देशाने ठेवायचे. पोचवणाऱ्या देशाने काही मागायचं नाही. का? तर एका पत्राला एक उत्तर येणारच, तेव्हा फिटंफाट. सबंध जगाचा टपाल हिशेब पत्रोत्तर देण्याच्या शिष्टाचारावर उभा होता, आणि जवळजवळ शंभर वर्षं तो तसा चालला! १९६९ च्या टोकियो अधिवेशनात कुठे देशादेशांनी पोचवणावळ एकमेकांकडून वसूल करायचं ठरवलं. कारण उघड होतं. काही देशांतून ढिगाने छापील माल बाहेर जायचा आणि त्याला उत्तर कुणीच लिहीत नसे.

सगळीच पत्रं घरच्यांसाठी नसत. पंडिता रमाबाईंचं ‘इंग्लंडचा प्रवास’ हे १८८३ चं पुस्तक मुळात एक लांबलचक पत्रच आहे. सावरकर लंडनहून ‘विहारी’ पत्राला बातमीपत्रं धाडत. पण या पत्रांचा बाहेरचा वाचक लिहिणाराने आपणहून निवडलेला होता. बिचाऱ्या शिपायांचं तसं नव्हतं.

१९१४ च्या शरदात हिंदी फौज मार्सेय बंदरात उतरली आणि लवकरच तिच्या पत्रांवर नजर ठेवायला फ्रान्समध्ये सेन्सॉरची कचेरी उघडली गेली. कॅप्टन हॉवेल तिचा प्रमुख. उर्दू, पंजाबी, हिंदी, मराठी अशा भाषांतली पत्रं वाचायची, निवडक मजकुराचं इंग्रजी भाषांतर करायचं आणि वर अहवाल द्यायचा. आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ते अहवाल आहेत. मूळ पत्रं पुढे गावाला गेली आणि हरवली, काही अडवली गेली. म्हणजे त्या माणसांचं बोलणं आज शिल्लक आहे ते सेन्सॉरने ज्याच्यावर बोट ठेवलं तेवढंच, आणि तेही साहेबाच्या भाषेत. पत्र चोरून वाचणाऱ्याने ते जपून ठेवलं, ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्याकडे काही उरलं नाही.

शिपायांना सेन्सॉरची कल्पना होती. काळी मिरी आणि लाल मिरी या शब्दांचा खेळ प्रसिद्धच आहे: काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. काळी मिरी जवळजवळ संपत आली असं लिहिलं की घरी समजायचं ते समजे. पण हॉवेलच्या कचेरीलाही ते समजू लागलं. शिवाय ही पत्रं एकाने सांगितलेली, दुसऱ्याने लिहिलेली आणि तिसऱ्याने वाचून दाखवलेली. पलटणीतला एखादा शिकलेला लिही, गावात मास्तर किंवा कुलकर्णी वाची, आणि ओट्यावर बसलेली निम्मी आळी ऐके. बायकोला खासगी काही सांगायची सोयच नव्हती. म्हणून त्या पत्रांत गाई-म्हशी, पेरणी, थोरल्यांना दंडवत, धाकट्यांना आशीर्वाद आणि पगाराचे पैसे मिळाले का, एवढंच येतं.

मराठा पलटणींच्या घरांत तर याहून वाईट काळ आला. मेसोपोटेमियात गेलेल्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला कुत-अल-अमारा गावाला तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या फौजेने शरणागती पत्करली. मधले पावणेपाच महिने घरी पत्र जायचा मार्ग बंद. पुढे कैदेतून कधीमधी एखादं कार्ड आलं तर आलं. साताऱ्या-रत्नागिरीच्या कितीतरी घरांत टपाल थांबलं, त्याच दिवसापासून माणूस गेला असं धरून चालायची वेळ आली.

याच मेसोपोटेमियाचा पुढे इराक झाला आणि १९३३ साली तिथल्या टपाल खात्यातले अधिकारी डग्लस गम्बली यांनी एक युक्ती काढली. विमानाचं टपाल महाग, कारण वजन. मग लखोटाच नको. एकच पातळ कागद, त्याच्याच घड्या घालून चिकटवायचा. १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मध्यपूर्वेतल्या शिपायांसाठी तीच पद्धत उचलली, आणि १९५२ साली जागतिक टपाल संघटनेने तिला अधिकृत नाव दिलं: एरोग्राम.

विलायतेचं नियमित विमानटपाल भारतात आलं होतं गम्बलींच्या युक्तीच्या थोडं आधी. इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा ३० मार्च १९२९ ला सुरू झाली. पंधरवड्याचा प्रवास आठवड्यावर आला. पण टपाल कराचीला येऊन रेल्वेच्या वाटेला लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा छोट्या पस मॉथ विमानातून कराचीहून पंचवीस किलो टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन बैलगाडीतून आणून भरलं आणि जुहूच्या खाजणावर ते उतरले. विलायतेहून हवेतून आलेल्या पत्राला मधला टप्पा बैलांनी पार पाडून दिला. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, मग चार महिने हे विमान पुण्याला उतरे. तेवढ्यापुरती पुणेकरांची विलायती पत्रं मुंबईकरांच्या आधी हवेतून खाली येत. पुणेकरांनी याचा अभिमान बाळगल्याचं कुठे वाचनात आलं नाही, हे नवलच.

एरोग्रामकडे जरा जवळून पाहू. माझ्यासमोर आहे तो आमच्या एका नातलगांनी १९७० च्या दशकात शिकागोहून आईला लिहिलेला. निळसर, कांद्याच्या पापुद्र्याइतका तलम. वरच्या अंगाला अक्षर मोठं, ऐसपैस. पहिल्या घडीनंतर ते आखडतं, दुसऱ्या घडीनंतर ओळी एकमेकींना चिकटतात. तिसरा भाग संपतो तिथे महत्त्वाचं काहीतरी आठवलेलं असतं, म्हणून मजकूर वळून कडेच्या पट्टीवर उभा चढतो आणि जिथे गोंद लावायचा तिथवर जातो. उघडताना सुरी सरळ चालली नाही, तर पट्टीबरोबर दोन-चार शब्द फाटून जात. इथे तसंच झालं आहे: ‘बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आत्ता नको, कारण’ एवढ्यावर वाक्य तुटलं. शिवाय तिकीट कागदावरच छापलेलं. आमच्या घरातल्या कुणा तिकीटवेड्या पोराने ते चौकोनी कापून नेलं, त्यामुळे पाठीमागच्या मजकुरात खिडकी पडली आहे. पगाराचा आकडा बहुधा त्या खिडकीत गेला.

एरोग्रामच्या कडेला ताकीद छापलेली असे: आत काहीही घालू नये. घातलं तर ते विमानाऐवजी आगबोटीच्या टपालाने जाई किंवा जादा आकार पडे. फोटो नाही, राखी नाही, हळदीकुंकवाची पुडी नाही, दहा डॉलरची नोट तर नाहीच. माणसं तरी घालायचीच. राखीचा नुसता रेशमी धागा कागदाच्या घडीत सपाट बसवणाऱ्या बहिणी आमच्या चाळीतही होत्या. पण मुद्दा असा की मजकूर एका कागदापुरता ठरून गेला. जागा कमी, वाचणारे अनेक, उत्तराला तीन आठवडे. यात मन मोकळं कुठे करणार? म्हणून खरं सांगायचं तर ही पत्रं पुष्कळदा कंटाळवाणी आहेत. थंडी फार पडली, सर्वांची प्रकृती ठीक, तांदूळ मिळतो, काळजी करू नये. एकटेपणा कडेच्या पट्टीवर, तोही जागा उरली तर. अमेरिकेच्या टपाल खात्याने २००६ मध्ये एरोग्राम विकणं थांबवलं.

आखातात गेलेल्यांची तऱ्हा निराळी. दुबई-अबुधाबीकडे पोस्टमन दारोदार फिरत नसे. पत्ता म्हणजे पोस्ट बॉक्सचा नंबर, आणि तो बहुधा कंपनीचा. म्हणजे रत्नागिरी-रायगडातून गेलेल्या गवंड्याचं किंवा ड्रायव्हरचं पत्र आधी कंपनीच्या माणसाच्या हाती यायचं. त्यापेक्षा सुट्टीवर जाणाऱ्या गाववाल्याची बॅग बरी. १९८० च्या सुमाराला त्या बॅगांतून कॅसेट जाऊ लागल्या. आईला वाचता येत नाही, मग मास्तर कशाला? टेप लावायचा. कोकणातल्या घरांत पत्राची मधली माणसं अशी एका झटक्यात गळाली. गोव्याच्या खलाशांनी तर त्याच्या कितीतरी आधी मुंबईतल्या धोबी तलावच्या कुडांना, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांना, आपला पत्ता केलं होतं. बोट जगभर फिरे, पत्र मात्र कुडाच्या नावावर येऊन पडे आणि गावकरीच ते सांभाळून ठेवी.

पोचण्याच्या दुसऱ्या टोकाला अडचण होती गावांच्या नावांची. परदेशातल्या माणसाने ‘वडगाव, जिल्हा पुणे’ लिहून मोकळं व्हायचं, कोणतं वडगाव? मावळातलं, शेरी की बुद्रुक? यावर तोडगा काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, असं दुर्मिळ मिश्रण. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेला सहा आकडी पिनकोड त्यांचा. तेव्हापासून विदेशातून आलेल्या पाकिटावर अक्षर कितीही गिचमिड असो, ४१२ किंवा ४०३ ने सुरू होणारा आकडा वाचता आला की ते निदान योग्य दिशेला लागतं. माझ्या मते गेल्या शतकात परदेशस्थ मराठी माणसाच्या पत्रासाठी एवढं काम दुसऱ्या कुठल्याही कवीने केलेलं नाही.

आता पत्राची जागा फोनने घेतली, यात सांगण्यासारखं काही नाही. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने १६२४ पासून चालत आलेली पत्रवाटप सेवा ३० डिसेंबर २०२५ ला बंद केली. तिथे पत्र टाकायचं तर आता खासगी कंपनीकडे जावं लागतं. आपल्याकडे मुंबईच्या जीपीओसमोर पूर्वी पत्रलेखक बसत. विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर १९१३ साली बांधून पूर्ण झालेल्या त्या इमारतीच्या सावलीत, कबुतरांच्या शेजारी. दुसऱ्यांची सुखदुःखं, मनीऑर्डरचे फॉर्म, सगळं ते लिहीत. त्यांचं लेखन आटलं आणि पार्सलं बांधण्याचं काम राहिलं: खोक्यावर कापड शिवायचं, सांध्यांवर लाख लावायची, मार्करने पत्ता घालायचा. लेखणी गेली, सुई उरली. पुढे ही पार्सलं बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाकघरात जातात आणि तिथे कस्टमच्या नजरेखालून बाहेर पडतात.

दिवाळीच्या तोंडावर या पार्सलांत फराळ असतो. २०२५ साली त्यावरच गदा आली. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली आयातशुल्काची सूट अमेरिकेने २९ ऑगस्टपासून काढली. शुल्क कोणी, कसं गोळा करायचं याची यंत्रणाच तयार नव्हती, म्हणून विमान कंपन्यांनी टपाल उचलायला नकार दिला आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बुकिंग थांबवलं. सुरुवातीला पत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी वगळल्या होत्या, आठवडाभरात त्याही बंद झाल्या. बोट बुडाली म्हणून, युद्ध पेटलं म्हणून टपाल थांबल्याचं आपण ऐकलं होतं; जकातीचा हिशेब जमेना म्हणून पत्रसुद्धा थांबावं, हे नवीन होतं. बुकिंग पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. वसुबारस होती १७ ला, भाऊबीज २३ ला. ज्यांनी १५ लाच रांग लावली त्यांचा चिवडा भाऊबीजेपर्यंत पोचला असेल तर नशीब.

दिवाळी अंकांना अशा उशिराची सवय आहे. छापील मजकुराच्या स्वस्त दराने आगबोटीतून निघालेला अंक परदेशात संक्रांतीला मिळाला तरी लवकर मिळाला म्हणत. काहींना तो होळीच्या सुमारास हाती यायचा आणि उन्हाळ्यापर्यंत पुरायचा. चकलीला ही मुभा नाही. त्या वर्षीच्या नव्या व्यवस्थेत भेटवस्तूला शंभर डॉलरपर्यंत शुल्क माफ होतं, त्याहून महाग मालावर मात्र बुकिंगच्या खिडकीवरच शुल्क आगाऊ भरावं लागे, भारतीय मालाला तेव्हा पन्नास टक्के. आणि फॉर्मवर प्रत्येक डब्यासमोर किंमत लिहावीच लागते. दुकानातून आणलेल्या फराळाला पावती असते. घरी तळलेल्या चकलीचं काय? नुसता भाजणीचा भाव धरायचा की तेल आणि गॅसही? मजुरी तर कुणीच लावत नाही. खिडकीपाशी उभं राहून बहुतेक बायका नवऱ्याकडे बघतात, नवरे कारकुनाकडे बघतात, आणि कारकून मागची रांग बघून म्हणतो, शंभराच्या आत काहीही टाका, पण लवकर टाका.